जुन्या सोसायटीतील स्वयंपाकघराचे नूतनीकरण : आखणी मोरीपासून

पुण्यात १९६० आणि १९७० च्या दशकांत बांधलेल्या तीनमजली सहकारी सोसायट्यांतून स्वयंपाकघर बहुधा एकाच साच्याचे आढळते. आठ बाय दहा फुटांची खोली, खिडकीखाली कडप्प्याचा ओटा, ओट्याच्या टोकाला जमिनीलगत कठडा घातलेली मोरी, तिच्यावर पितळी नळ, समोरच्या भिंतीत फडताळ आणि दारावर माळा. या खोलीचे संपूर्ण नूतनीकरण करायचे ठरले की घरातली चर्चा ट्रॉल्यांच्या रंगापासून सुरू होते आणि एखाद्या नव्या इमारतीत पाहिलेले स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून पुढे सरकते. आमच्या घरीही तसेच झाले आणि त्यात दोन महिने गेले. ती चर्चा मोरीपासून सुरू करावी, असे आता मी सांगेन. जुन्या घरात सांडपाणी जिथून बाहेर पडते ती जागा सहसा हलवता येत नाही. ओटा, शेगडी, फ्रीज, ट्रॉल्या हे सारे तिच्या अनुरोधाने बसवावे लागते.

त्याआधी सोसायटीच्या कार्यालयात एक फेरी मारावी आणि पुनर्विकासाचा विषय कुठवर आला आहे ते विचारावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९ (अ) खाली शासनाने ठरवून दिलेली प्रक्रिया सुरू झाली असेल, म्हणजे सर्वसाधारण सभेत ठराव होऊन वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमला गेला असेल, तर भिंतीत आणि फरशीत पैसे पुरण्यात अर्थ नाही. अशा वेळी गळती थांबवावी, वायरिंग सुरक्षित करून घ्यावे आणि उरलेला खर्च उचलून नेता येतील अशा सुट्या स्टीलच्या ट्रॉल्यांवर करावा. विषय नुसताच चर्चेत असेल तर मात्र थांबू नये. आमच्या सोसायटीत तो अकरा वर्षे चर्चेत आहे.

त्याच फेरीत संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, ताजा अहवाल पाहायला मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हावी असे अपेक्षित आहे. आपल्या स्वयंपाकघराच्या रांगेतील तुळया, छत आणि बाहेरचे नळ यांविषयी त्या अहवालात काय लिहिले आहे, ते वाचून मगच गवंड्याला घरी बोलवावे.

पाण्याची वाट

मोरीची जाळी उचलून खालचा ट्रॅप, म्हणजे थोडे पाणी अडवून धरणारा नळीचा वाकडा तुकडा, कुठे आहे आणि तिथून नळी कोणत्या भिंतीतून बाहेर जाते, हे प्लंबरकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे. सिंक या जागेपासून किती दूर नेता येईल, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. सांडपाण्याच्या नळीला फुटामागे साधारण पाव इंच उतार लागतो. सिंक आठ फूट दूर न्यायचे असेल तर उतारासाठी दोन इंच आणि दोन इंची नळीची स्वतःची जाडी, असे मिळून नळीचे सुरुवातीचे टोक जमिनीपासून किमान चार इंच वर येते. जुन्या इमारतीत स्वयंपाकघराखालचा स्लॅब सहसा खोल घेतलेला नसतो, त्यामुळे ही नळी फरशीखाली लपत नाही. ती ओट्याखालून, भिंतीच्या कडेने, ट्रॉल्यांच्या मागून न्यावी लागते आणि त्यासाठी ओटा मधे कुठेही न तुटता मोरीपर्यंत पोहोचायला हवा. वाटेत दार आले तर तो बेत सोडून द्यावा. नळी बसवण्यासाठी सगळी फरशी चार इंच उचलणे हा उपाय ठेकेदार सहज सुचवतात; त्याने स्लॅबवर भार वाढतो आणि दारात कायमची पायरी तयार होते.

सिंक दूर नेण्याआधी खालच्या मजल्याचाही विचार करावा. आपल्या स्वयंपाकघराखाली त्यांचे स्वयंपाकघर असेल तर ठीक. पण ओली जागा सरकत सरकत त्यांच्या झोपण्याच्या खोलीवर येत असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोलणे बंद होण्याची तयारी ठेवावी. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी खालच्या घरी जाऊन, त्यांच्या समक्ष, त्यांच्या छताची छायाचित्रे काढून ठेवावीत. जुना डाग जुना आहे हे नंतर शब्दांनी पटवता येत नाही.

मोरी ठेवायची की काढायची, हा निर्णय घरात भांडी कोण आणि कशी घासते यावर अवलंबून आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारले तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की गुडघे गेले आहेत, उभ्याने घासता येईल असे मोठे सिंक करा. वास्तुविशारदाच्या नकाशात तोपर्यंत दोन कप्प्यांचे देखणे सिंक होते. त्यातील एकाही कप्प्यात आमची पोळ्यांची परात आडवी मावत नव्हती. आपल्या घरातील सर्वांत मोठी परात, कढई आणि कुकर मोजावेत आणि त्या मापाने एकाच कप्प्याचे, साधारण २४ बाय १८ इंचांचे, नऊ-दहा इंच खोल सिंक घ्यावे. मोरी काढली तरी जमिनीलगतची एक जाळी ठेवावी. फरशी धुता येते, आणि कधी नळ उघडा राहिला तर पाणी हॉलमध्ये न जाता तिथून निघून जाते. ट्रॅपमध्ये पाण्याचा अडसर नीट राहतो की नाही हे पाहावे, कारण झुरळे आणि दुर्गंध यांना रोखणारी खरी गोष्ट तीच आहे.

जुन्या घरातील पाण्याच्या लोखंडी, म्हणजे जीआयच्या, नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात. आमच्याकडे काढलेल्या अर्ध्या इंची नळीच्या तुकड्यातून आरपार पाहिले तेव्हा आत गंजाचा थर इतका चढला होता की पेन्सिल जेमतेम गेली असती. वरच्या टाकीचे पाणी मंद येते म्हणून आम्ही वर्षानुवर्षे सोसायटीला पत्रे लिहीत होतो. भिंत उघडणारच असाल तर स्वयंपाकघरातील सर्व नळ्या बदलाव्यात. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या, नळ्या वापराव्यात आणि खोलीसाठी एक स्वतंत्र बंद करण्याचा व्हॉल्व्ह हाताला लागेल अशा जागी बसवावा. प्लास्टर करण्यापूर्वी नव्या नळ्यांवर दाबाची चाचणी घ्यायला लावावी. शुद्धीकरण यंत्राचे वाया जाणारे पाणी आणि पुढेमागे घ्यायचे भांडी धुण्याचे यंत्र यांसाठीची जोडणी याच वेळी करून ठेवावी. यंत्र पाच वर्षांनी आले तरी चालेल; नळी पाच वर्षांनी घालायची तर नवी टाइल फोडावी लागते.

जुनी मोरी फोडल्यावर खालचा कोबा ओला आणि भुसभुशीत निघण्याची शक्यता मोठी असते. तो पूर्ण काढावा, नव्याने विटांच्या तुकड्यांचा कोबा घालावा, त्यावर जलरोधक लेप द्यावा आणि तो लेप भिंतीवरही किमान एक फूट चढवावा. नंतर कडेने विटांचा बांध घालून त्यात दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवावे आणि खालच्या घरी जाऊन छत पाहून यावे. ही चाचणी झाल्याखेरीज फरशीवाल्याला उंबरठा ओलांडू देऊ नये.

भिंत काढण्याची इच्छा

हॉल आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत काढून मोकळे स्वयंपाकघर करण्याची इच्छा आता जवळजवळ प्रत्येकाला होते. या काळातील अनेक इमारतींत खांब-तुळयांचा सांगाडा नसून भिंतीच वरच्या मजल्यांचा भार वाहतात. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजावी: प्लास्टर धरून दहा इंचांच्या आसपास असेल आणि वरच्या व खालच्या घरीही ती त्याच जागी असेल, तर ती भारवाहक समजूनच चालावे. पाच-साडेपाच इंचांची भिंत बहुधा नुसता आडोसा असते, पण माळ्याचा स्लॅब किंवा कडप्पा तिच्यात रोवलेला असू शकतो. दोन्ही प्रसंगी निर्णय संरचना अभियंत्याने लेखी द्यावा आणि त्याच्या आधारे सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. भारवाहक भाग असेल तर महापालिकेची परवानगीही लागते. ‘आम्ही अशा पन्नास भिंती काढल्या आहेत’ हे ठेकेदाराचे वाक्य परवानगी म्हणून धरता येत नाही.

खरे सांगायचे तर रोजच्या फोडणीचा, सुक्या बोंबलांचा आणि उकडलेल्या कडधान्यांचा वास हॉलमधल्या पडद्यांना लागू नये असे वाटत असेल तर ती भिंत आपल्या मित्रपक्षातली आहे. आम्ही ती राहू दिली.

भिंत राहिली तरी तिच्यात खाचा पडणारच. भारवाहक भिंतीत उभी खाच जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातील संकेत आहे. नऊ इंची भिंतीत हे माप अनुक्रमे तीन आणि दीड इंच भरते. त्यामुळे तारा व नळ्या शक्यतो उभ्याच उतरवाव्यात. खाचा कटरने आखून हाताच्या छिन्नीने काढाव्यात, मोठे ब्रेकर यंत्र लावू नये आणि तुळईला तर हातही लावू नये. वाड्यात राहणाऱ्यांनी याहून सावध असावे. तिथे लाकडी खण आणि मातीच्या भिंती यांच्यावर ग्रॅनाइटचा ओटा ठेवायचा असतो, आणि दहा फूट लांब, दोन फूट रुंद, वीस मिलिमीटर जाडीची नुसती वरची फळीच सुमारे शंभर किलो भरते. खालचे उभे दगड वेगळेच.

वीज

हिशेब करून पाहावा. २००० वॉटची इंडक्शन शेगडी, २००० वॉटचा गिझर, १२०० वॉटचा मायक्रोवेव्ह आणि ७५० वॉटचा मिक्सर सकाळी आठ वाजता एकाच वेळी चालू असतील तर २३० व्होल्टला सुमारे २६ अँपिअर प्रवाह लागतो. चिनी मातीचे फ्यूज आणि लाकडी पट्टीवरून नेलेल्या जुन्या तारा हा भार सोसण्यासाठी बसवलेल्या नव्हत्या. काही घरांत त्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि तांब्याच्या नव्या तारांशी त्यांचा जोड ढिला पडून तापतो. म्हणून स्वयंपाकघरासाठी मुख्य पेटीपासून स्वतंत्र तारा ओढाव्यात: दिव्यांना दीड, साध्या सॉकेटांना अडीच आणि गिझर, ओव्हन, इंडक्शन यांना प्रत्येकी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. प्रत्येक तारेला तिच्या क्षमतेचा एमसीबी, म्हणजे जादा भार आल्यास आपोआप पडणारा खटका, आणि सर्वांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळता प्रवाह ओळखून वीज तोडणारा खटका, असावा, कारण ओल्या हाताने वावरण्याची ही खोली आहे. इमारतीचे अर्थिंग जिवंत आहे का, हे वायरमनने मीटर लावून दाखवावे. अर्थिंग नसेल तर महागडा आरसीसीबी लावूनही पुरे संरक्षण मिळत नाही. एकूण भार मंजूर भारापेक्षा वाढत असेल तर महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज करावा.

सॉकेट किती हवेत, हे कागदावर ठरत नाही. आठवडाभर ओट्यावर जे जे उपकरण बाहेर येते त्याची जागा खडूने भिंतीवर लिहीत जावे. आठवड्याच्या शेवटी जी संख्या येईल तीत दोन मिळवावेत. सॉकेट ओट्यापासून वीतभर वर, पण शेगडीच्या मागे किंवा सिंकच्या तुषारांत नकोत. प्रकाशाविषयी एवढेच की छताच्या मध्यावरचा दिवा आपल्या पाठीमागे राहतो आणि विळीवर आपलीच सावली पडते. वरच्या कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी बसवावी.

गॅस आणि धूर

पाइपमधून येणारा गॅस असेल तर त्याची नळी ठेकेदाराकरवी हलवू नये. पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस, मुंबईत महानगर गॅस अशा ज्या त्या पुरवठादाराकडे अर्ज करून त्यांच्याच माणसांकडून ती हलवून घ्यावी, आणि त्यासाठीचा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. नळी भिंतीत पुरायची नसते आणि बंद करण्याचा खटका ट्रॉलीमागे अडकवायचा नसतो.

सिलिंडर असेल तर तो उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावा, रबरी नळी आयएसआय चिन्हाची आणि दीड मीटरच्या आतली असावी व पाच वर्षांनी बदलावी. भरलेल्या सिलिंडरचे वजन तीस किलोंच्या घरात जाते, तेव्हा त्याचा कप्पा दाराजवळ असला तर पाठीला बरे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाल्यास जमिनीलगत साचतो. त्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी ठेवावी. पाइपमधला नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे चढतो. खिडकीवरचे जुने झरोके ‘धूळ येते’ म्हणून बुजवण्याची आजची पद्धत या दृष्टीने चुकीची आहे.

चिमणी घ्यायची तर तिची नळी बाहेर कुठून काढणार, हे आधी ठरवावे आणि मग दुकानात जावे. सहा इंची नळी, शक्य तितकी आखूड, एक किंवा फार तर दोन वळणे, आणि तोंड शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर. चिमणीचा तळ शेगडीच्या वर साधारण २६ ते ३० इंचांवर असावा. नळीवाचून चालणाऱ्या कोळशाच्या गाळणीच्या चिमण्या मिळतात, पण त्या वास आणि तेल थोडेफार शोषून उष्ण व दमट हवा पुन्हा खोलीतच सोडतात. बाहेर नळी काढणे अशक्य असेल तर त्या पैशांत एक चांगला एक्झॉस्ट पंखा उंचावर बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ओटा

ओट्याची उंची हा एकच निर्णय असा आहे की जो चुकला तर दिवसातून तीन वेळा, वीस वर्षे, कंबरेतून आठवण करून देतो. जुने ओटे बहुतेक ३० ते ३२ इंचांचे आढळतात आणि तयार मॉड्युलर कपाटे ३४ इंचांच्या आसपास येतात. नियम असा सांगतात की सरळ उभे राहून कोपर वाकवल्यावर ते जिथे येते त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा. नियम ठीक आहे, परंतु भाजी चिरणे, कुकरमध्ये डोकावणे आणि पोळ्या लाटणे यांना लागणारी उंची वेगवेगळी असते. लाटताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून ती जागा खाली हवी. आम्ही जेवणाच्या टेबलावर पाट आणि जाड पुस्तके रचून त्यावर पोळपाट ठेवला आणि घरातील तिघांनी, मीही त्यांत होतो, प्रत्येकी दहा पोळ्या लाटल्या. तिसऱ्या पोळीपर्यंत सगळ्याच उंच्या बऱ्या वाटतात. सातव्या-आठव्या पोळीला खांदे वर चढू लागले की समजते. शेवटी मुख्य ओटा ३३ इंचांचा आणि खिडकीजवळचा अडीच फुटांचा तुकडा ३० इंचांचा केला. त्या सखल तुकड्यावर आई खुर्चीत बसूनही भाजी निवडते.

ओट्याची भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतची खोली २४ इंच पुरते, पण शेगडीमागे भिंत आणि पुढे कढईचा दांडा यांचा विचार करून २५ घेतली तर हरकत नाही. दोन ओटे समोरासमोर असतील तर मधे साडेतीन ते चार फूट मोकळे हवेत. आठ फुटी खोलीत दोन्ही बाजूंना २४ इंच खोल ओटे केले तर नेमके चार फूट उरतात, आणि त्यांतच फ्रीजचे दार उघडायचे असते. समोरच्या बाजूला पंधरा-सोळा इंचांचीच मांडणी करावी, असे माझे मत आहे. वरची कपाटे बारा इंच खोल आणि ओट्यापासून वीस ते चोवीस इंच उंचीवर असावीत. जुन्या घरातली उंच खिडकी मात्र कपाटासाठी झाकू नये.

दगडाविषयी: कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटाने त्याची झिलई जाते. संगमरवराचेही तेच. ग्रॅनाइटला आंबटाचे भय नाही. क्वार्ट्झच्या कृत्रिम फळ्या दिसायला सुरेख असतात, पण त्यांतील दगडाचे कण रेझिनने बांधलेले असल्याने शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो किंवा चीर जाते. आपल्याकडे कढई उतरवून ओट्यावरच ठेवली जाते, दोन वेळा सांगितले तरीही. म्हणून ग्रॅनाइट. सिंकच्या बाजूला ओट्याला किंचित उतार द्यावा, पुढच्या कडेखाली पाणी ओघळू नये म्हणून एक बारीक खाच कापून घ्यावी, आणि जुना कडप्पा फेकू नये. तो कापून ट्रॉल्यांमधले उभे आधार म्हणून उत्तम चालतो.

देव्हारा स्वयंपाकघरातच असेल तर तो कपाटांच्या रांगेत कोंबण्यापूर्वी निरांजनाच्या ज्योतीवर किती जागा राहते ते पाहावे. लॅमिनेटच्या तळाखाली रोज दिवा तेवला की वर्षभरात तपकिरी वर्तुळ उमटते. किमान दोन फूट मोकळे सोडावेत किंवा वर दगडाची फळी घालावी.

ट्रॉल्या आणि डबे

ट्रॉलीवाला माप घ्यायला येण्यापूर्वी आपण आपले डबे मोजावेत. ‘ताट-वाटी’, ‘कप-बशी’, ‘साधी’, ‘खोल’ असे त्याचे ठरलेले नमुने असतात. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, कणकेचा डबा, तांदळाचे पिंप, वर्षाचा गोडा मसाला ज्यात राहतो तो काचेचा चंबू यांतले काहीही त्या नमुन्यांना ठाऊक नसते. सर्व वस्तू जमिनीवर मांडून तीन वाटे करावेत: रोज लागणारे, आठवड्याला लागणारे, सणावारी लागणारे. पहिला वाटा गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत, दुसरा तळाला किंवा वर, तिसरा माळ्यावर. हे करताना बऱ्याच गोष्टी चौथ्या वाट्यात, म्हणजे भंगारात, जातात. आमच्याकडे झाकण नसलेले नऊ डबे आणि डबा नसलेली चौदा झाकणे निघाली.

कपाटांसाठी प्लाय घ्यायचे तर सिंकच्या आसपास आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन आणि इतरत्र आयएस ३०३ चे जलरोधक प्रतीचे घ्यावे आणि फळीवरील आयएसआय चिन्ह व परवाना क्रमांक सुताराने कापायला घेण्याआधी पाहावा. पार्टिकल बोर्ड सिंकखाली वापरू नये. एकदा पाणी प्यायले की तो पावासारखा फुगतो. जुन्या इमारतीत वाळवीचा बंदोबस्त नव्या कपाटांआधी करून घ्यावा, नंतर नव्हे. स्टीलच्या ट्रॉल्या ३०४ प्रतीच्या मागाव्यात. २०२ प्रत स्वस्त पडते, पण मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी तिच्यावर लवकर तांबेरा चढतो. दुकानदार लोहचुंबक लावून खात्री पटवतात, तिच्यावर विसंबू नये. २०२ लाही चुंबक बहुधा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घेणे बरे.

क्रम, मोसम आणि पैसा

कामाचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटला की खर्च दुप्पट होतो. आधी तोडफोड, मग नळ्या, तारांच्या खाचा, गॅसचा बदल, मोरीचे जलरोधन व चाचणी, प्लास्टर, फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल्स, त्यानंतर ट्रॉल्यांचे माप, रंगाचा पहिला हात, ट्रॉल्या, उपकरणे आणि रंगाचा शेवटचा हात. ट्रॉल्यांचे माप टाइल्स लागल्यावरच घ्यावे, कारण जुन्या भिंती काटकोनात नसतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट आणि दुसऱ्या भिंतीवर चार फूट अशा खुणा करून त्यांतील तिरके अंतर मोजावे. ते पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. आमच्या दहा फुटी भिंतीत एका टोकाला दीड इंचाचा फरक निघाला. तो वेळेवर कळल्यामुळे भिंतीलगत एक पट्टी घालून लपवता आला. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटच्या रबडीवर नीट धरत नाही, तिला टाइलचा चिकट मसाला लागतो. जुनी मोझेकची फरशी मात्र शाबूत असेल तर उखडू नये, घासून घ्यावी. तशी आता सहजी मिळत नाही.

पावसाळा टाळावा. प्लास्टर सुकत नाही, प्लाय ओल धरते आणि बाहेरच्या नळ्यांसाठी परांची बांधता येत नाही. दिवाळी आणि होळीच्या सुमारास कारागीर गावी जातात आणि सांगितलेल्या दिवशी परत येत नाहीत, हेही धरून चालावे. दिवाळीनंतर आठवडाभराने सुरुवात करून संक्रांतीपर्यंत संपवणे पुण्याच्या हवेला मानवते. आठ बाय दहाच्या खोलीला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी बाल्कनीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात तात्पुरता संसार मांडावा: एक इंडक्शन, एक कुकर, एक कढई, मसाल्याचा डबा, माणशी एक ताट. राडारोडा कुठे टाकणार हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे, कारण तो नदीपात्रात किंवा कोपऱ्यावर पडला तर दंडाची नोटीस आपल्या पत्त्यावर येऊ शकते.

कोटेशन मागवताना एक जण रनिंग फुटाचा भाव देतो, दुसरा चौरस फुटाचा, तिसरा ‘एकूण’ आकडा सांगतो. तिघांनाही आपलाच आराखडा आणि आपलीच वस्तुयादी द्यावी. नळ, सिंक, बिजागऱ्या, ट्रॉल्यांचे सरकते रूळ यांची प्रत आणि संख्या त्यात लिहिलेली असावी. अंदाजपत्रकावर वीस टक्के बाजूला ठेवावेत. नव्या घरात दहा पुरतात, जुन्या घरात भिंत उघडेपर्यंत आत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. त्या वीस टक्क्यांतून काही वाचलेच तर चिमणी घ्यावी. चिमणीपासून सुरुवात करून नळ्यांपाशी पैसे संपवू नयेत. रक्कम कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी आणि शेवटचे दहा टक्के महिनाभर स्वयंपाक करून पाहिल्यावर.

भिंती बंद होण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीसमोर उभे राहून, मोजपट्टी भिंतीला लावलेली दिसेल अशा रीतीने, नळ्या आणि तारांची छायाचित्रे काढावीत. त्यांची एक छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सिंकखालच्या दाराला आतून चिकटवावी. आमच्याकडे चौथ्या महिन्यात मुलाने भिंतीला खिळा मारायला घेतला, तेव्हा आधी ते दार उघडले.